हिंद महासागर टूना आयोग

हिंद महासागरातील कुपा (टूना) व तत्सम १६ जातींच्या माशांचे संशोधन आणि व्यवस्थापन करणारी आंतरशासकीय संस्था. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या चौकटीत १९९३ मध्ये मान्य झालेला करार १९९६ मध्ये अमलात आला. मुख्यालय सेशेल्समधील व्हिक्टोरिया येथे. कोकणातली सुरमईही या १६ जातींत मोडते.

आयोगाचे सगळे काम सदस्य देशांकडून येणाऱ्या आकडेवारीवर चालते. मागील वर्षाची पकड ३० जूनपर्यंत कळवायची असते. पर्ससीनची (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याची) नोंद अक्षांश-रेखांशाच्या एक अंशाच्या चौकोनांत, तर लाँगलाइनची (अनेक गळ लावलेल्या लांबलचक दोरीची) पाच अंशांच्या चौकोनांत द्यावी लागते. पकडीच्या दर टनामागे किमान एका माशाची लांबी मोजायची. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत घेतात. घोटाळे इथेच होतात. मोठ्या डोळ्यांच्या आणि पिवळ्या परांच्या कुप्याची पिल्ले इतकी सारखी दिसतात की पर्ससीनच्या पकडीत ती सहज एकाच नावाखाली जातात. डोके छाटून गोठवलेल्या माशाची लांबी थेट मोजता येत नाही. शिवाय या महासागरातली सुमारे निम्मी पकड लहान, किनारी होड्यांची आहे. त्यांच्याकडे नोंदवह्या क्वचितच असतात. सुरमईची लांबी-वयाची माहिती अपुरी असल्याने तिचा साठा (समुद्रात ती किती आहे ते) बव्हंशी एकूण पकडीच्या आकड्यांवरूनच अजमावला गेला आहे. असा अंदाज ढोबळच राहणार.

माशांचे स्थलांतर, वाढ व मृत्युदर समजण्यासाठी २००५ ते २००९ या काळात दीड लाखाहून अधिक कुप्यांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडण्यात आले. पुन्हा सापडलेल्या माशांवरून मिळालेली माहिती साठ्याच्या गणिती प्रतिमानांत आजही वापरली जाते.

कार्यगट साठ्याचे मूल्यमापन करतो, वैज्ञानिक समिती ते तपासून सल्ला देते आणि आयोग ठराव करतो. मतदान झाल्यास दोन-तृतीयांश बहुमत लागते. मात्र १२० दिवसांत हरकत घेणाऱ्या सदस्याला तो ठराव बंधनकारक राहत नाही, आणि ही पळवाट किरकोळ नाही. पिवळ्या परांचा कुपा अतिमासेमारीने घटल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला. पकड घटवण्याच्या २०२१ च्या ठरावावर भारत, इंडोनेशिया, इराण, ओमान आदींनी हरकत घेतली. किनारी देशांचे म्हणणे असे, की साठा ओरबाडला दूरदेशीच्या पर्ससीन ताफ्यांनी आणि कपात मात्र सर्वांवर. २०२४ च्या मूल्यमापनात हाच साठा सुस्थितीत ठरला. त्यासाठी लाँगलाइनच्या पकड-दराची (ठरावीक गळांमागे मिळालेल्या माशांची) वर्षानुवर्षांची मालिका नव्याने मांडण्यात आली होती.

चीन सदस्य असल्याने तैवानला सदस्यत्व नाही, पण त्याचा लाँगलाइन ताफा मोठा असल्याने तेथील तज्ज्ञांना निमंत्रित म्हणून बोलावले जाते.