नादार छायाचित्रणाला कलेच्या उंचीवर नेताना

फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) याचे शिळाछाप व्यंगचित्र. मे १८६२ मध्ये ते पॅरिसच्या ‘ल बुलव्हार’ या पत्रात आले. पत्राचा संस्थापक एतिएन कार्जा स्वतःच छायाचित्रकार होता, हे विशेष.

बलूनच्या टोपलीत पॅरिसचा छायाचित्रकार नादार (मूळ नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ) कॅमेऱ्यावर ओणवा झाला आहे आणि त्याची उंच हॅट वाऱ्याने उडाली आहे. खाली पॅरिसच्या घराघरावर एकच पाटी: ‘फोटोग्राफी’. छायाचित्रालाही कलाकृती मानता येईल, असा निकाल तेथील अपील न्यायालयाने एप्रिल १८६२ मध्ये मायर व पिएरसाँ या छायाचित्रकारांच्या खटल्यात दिला होता. मथळ्यातल्या ‘उंची’चा चिमटा त्यावरच आहे, असे मानले जाते. नादारचे ‘ल जेआँ’ हे अवाढव्य बलून मात्र ऑक्टोबर १८६३ मध्ये उडाले. तेव्हा चित्रातले बलून तेच, ही समजूत चुकीची.

दोमिएने एक गोष्ट गाळली आहे: अंधारी खोली. त्या काळी काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटे बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळे उरकले नाही तर काच वाळून वाया जाई. म्हणून काळ्या कापडाचा आडोसा टोपलीतच लागे. १८५८ मध्ये नादार खरोखरच बलूनमधून छायाचित्र घ्यायला गेला, तेव्हा त्याच्या काचा आधी नुसत्या काळ्या पडल्या. बलूनच्या तोंडातून सुटणाऱ्या कोळशाच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड होते. ते काचेवरच्या चांदीला लागत होते. तोंड बंद ठेवून वर गेल्यावर अखेर पुसट का होईना, चित्र उमटले. ते आज उपलब्ध नाही.

शिळाछापाचे तंत्र याहून सवडीचे. घोटलेल्या चुनखडकावर तेलकट खडूने चित्र काढतात, वर डिंकाचे पाणी आणि किंचित नायट्रिक आम्ल फिरवतात. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. दगड मध्येच सुकला तर कोरी जागाही शाई ओढते. आम्ल जास्त झाले तर फिक्या, करड्या छटा आधी जातात. छापात सगळे उलटे उमटते, त्यामुळे दगडावर थेट काढताना छपरांवरच्या त्या साऱ्या पाट्यांची अक्षरे उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखी लिहावी लागतात.