न्यू मॉडेल आर्मी

इंग्लंडमधील यादवी युद्धात (१६४२–५१) राजा पहिला चार्ल्स याच्याविरुद्ध लढण्यासाठी पार्लमेंटने १६४५ मध्ये उभारलेली फौज. तत्पूर्वी पार्लमेंटच्या बाजूने एसेक्सचा अर्ल, मँचेस्टरचा अर्ल आणि सर विल्यम वॉलर यांच्या तीन स्वतंत्र सेना लढत होत्या. त्यांचा खर्च वेगवेगळ्या परगण्यांच्या माथी असे आणि सैनिक आपला मुलूख सोडून फार दूर जायला नाखूष असत. ऑक्टोबर १६४४ मध्ये न्यूबरीच्या दुसऱ्या लढाईत या सेना एकत्र आल्या, पण एकमुखी हुकमत नसल्याने राजा निसटला. त्यावरून मँचेस्टर आणि त्याच्या घोडदळाचा प्रमुख ऑलिव्हर क्रॉमवेल यांच्यात पार्लमेंटमध्ये जाहीर वाद झाला. नव्या फौजेचा अध्यादेश फेब्रुवारी १६४५ मध्ये मंजूर झाला (तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने समकालीन कागदांत हे साल १६४४ असे आढळते). ३ एप्रिलच्या ‘सेल्फ-डिनायिंग’ अध्यादेशाने दोन्ही सभागृहांच्या सभासदांना सैन्यातील हुद्दे सोडावे लागले. क्रॉमवेल त्याला अपवाद ठरला.

कागदोपत्री फौजेची संख्या २२ हजार होती : पायदळाच्या १२ रेजिमेंटी, घोडदळाच्या ११ आणि ड्रगून, म्हणजे घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणाऱ्या बंदुकधाऱ्यांची, एक. पायदळाच्या रेजिमेंटीत १,२०० लोक आणि १० कंपन्या असत. मात्र कंपन्या सारख्या नसत. कर्नलची कंपनी २०० जणांची, लेफ्टनंट-कर्नलची १६० ची, मेजरची १४० ची आणि सात कॅप्टनांच्या प्रत्येकी १०० च्या. वरिष्ठ अधिकारी नावापुरते स्वतःच्या कंपनीचेही कॅप्टन असल्याचा हा परिणाम. घोडदळाची रेजिमेंट ६०० स्वारांची, सहा ट्रूपांची. तिच्यात लेफ्टनंट-कर्नल सहसा नसे. प्रत्यक्षात पायदळ कधीच पुरे भरले नाही. जुन्या सेनांमधून सुमारे निम्मे लोक मिळाले. उरलेले सक्तीच्या भरतीने आणले गेले आणि त्यांतले पुष्कळ पहिल्या संधीला पळाले. घोडदळाला ही अडचण नव्हती. पायदळातील शिपायाला रोज ८ पेन्स, तर स्वाराला २ शिलिंग (२४ पेन्स) मिळत. घोड्याचा दाणावैरण त्याच्याच पगारातून असला, तरी हा फरक मोठा होता.

सरसेनापती सर टॉमस फेअरफॅक्स हा नेमणुकीच्या वेळी ३३ वर्षांचा होता. त्याच्या हाताखाली पायदळावर सार्जंट-मेजर-जनरल फिलिप स्किपन, घोडदळावर लेफ्टनंट-जनरल (जून १६४५ पासून क्रॉमवेल) आणि तोफखान्यावर टॉमस हॅमंड होता. मोहिमेचे मोठे निर्णय युद्धमंडळाच्या बैठकीत होत. लढाईच्या सकाळी पायदळाची मांडणी करण्याचे काम स्किपनच्या हुद्द्याकडे असे.

या मांडणीबद्दल अभ्यासकांत बराच खल झाला आहे. युद्धाच्या आरंभी दोन पद्धती समोर होत्या : आठ ओळी खोल उभी राहणारी डच आणि गुंतागुंतीच्या ब्रिगेडींची स्वीडिश. ऑक्टोबर १६४२ मध्ये एजहिल येथे राजपक्षाचा सेनापती लिंडसे याने डच पद्धतीचा आग्रह धरला, राजकुमार रूपर्टने स्वीडिश पद्धतीचा. राजाने रूपर्टची बाजू घेताच लिंडसेने सेनापतिपद सोडले आणि आपल्या रेजिमेंटीच्या अग्रभागी लढताना तो प्राणांतिक जखमी झाला. १६४५ पर्यंत हा वाद व्यवहारात निकाली निघाला होता. दोन्ही पक्षांचे पायदळ बहुधा सहा ओळी आणि घोडदळ तीन ओळी खोल उभे राही. मधोमध लांब भाल्यांचा जमाव आणि दोन्ही अंगांना तोडेदार बंदुका, बंदुका दोन तर भाला एक, हे प्रमाण नियमातले. ते प्रत्येक रेजिमेंटीने पाळले असे धरून चालता येत नाही.

नेझबीच्या लढाईचे (१४ जून १६४५) रॉबर्ट स्ट्रीटरने कोरलेले चित्र १६४७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक तुकडी नावानिशी चौकोनात दिसते : पार्लमेंटच्या बाजूला पुढे पायदळाच्या पाच रेजिमेंटी, मागे तीन, डावीकडे आयर्टनचे घोडदळ, उजवीकडे क्रॉमवेलचे, कुंपणाच्या आडोशाला ओकीचे ड्रगून. हे चित्र फेअरफॅक्सच्या धर्मोपदेशकाने लिहिलेल्या गौरवपर वृत्तान्तासोबतचे असून राजपक्षाची फौज त्यात जवळजवळ तुल्यबळ दाखवली आहे. प्रत्यक्षात पार्लमेंटचे १४ हजारांच्या आसपास, तर राजाचे ९ ते १० हजार लोक असावेत. काही अभ्यासक राजाची संख्या आणखी कमी धरतात. राजपक्षाची मांडणी दाखवणारा, त्याच पक्षाचा लष्करी अभियंता द गॉम याचा आराखडाही उपलब्ध आहे, पण तो ठरलेली मांडणी दाखवतो की प्रत्यक्षातील, याविषयी दुमत आहे. तुकड्यांच्या क्रमापुरता स्ट्रीटर ग्राह्य मानावा. अंतरे व संख्या यांसाठी नव्हे.

लढाई सुरू झाल्यावर सेनापतीच्या हाती थोडेच उरे. पायदळातील हुकूम ढोलाच्या ठरलेल्या सहा ठोक्यांनी दिले जात, घोडदळात कर्ण्याने. दूरच्या बगलेला निरोप धाडायचा तर स्वार पाठवावा लागे. धुरात कंपनी ओळखू येई ती निशाणावरून : कर्नलचे साधे एकरंगी, लेफ्टनंट-कर्नलच्या निशाणाच्या कोपऱ्यात सेंट जॉर्जचा क्रूस, मेजरचे त्याखेरीज एका ज्वालेचे आणि कॅप्टनांची क्रमाप्रमाणे वाढत्या चिन्हांची. आपला-परका ओळखण्यासाठी परवलीचा शब्द असे. म्हणूनच राखीव तुकड्या कोणाच्या हाती आहेत आणि पहिल्या हल्ल्यानंतर घोडदळ पुन्हा रांगेत येते का, यांवर निकाल ठरे.

नेझबीला हे स्पष्ट दिसते. राजपक्षाचा प्रत्यक्ष सेनापती रूपर्ट स्वतःच उजव्या बगलेच्या हल्ल्यात सामील झाला, आयर्टनची फळी फोडून थेट पार्लमेंटच्या बाजारबुणग्यांपर्यंत गेला आणि निर्णायक वेळी मैदानातून बाहेर राहिला. स्किपनला गोळी लागली तरी त्याने जागा सोडली नाही. समोरचे घोडदळ उधळल्यावर क्रॉमवेलने पाठलागाला थोडेच स्वार सोडले आणि बाकीचे राजाच्या पायदळावर वळवले. राजा आपल्या राखीव स्वारांसह पुढे निघाला असता कार्नवाथच्या अर्लने त्याच्या घोड्याचा लगाम धरून घोडा वळवला. तो इशारा समजून सारी राखीव फौज उजवीकडे वळून पळत सुटली, असे राजपक्षाचा समकालीन इतिहासकार क्लॅरेंडन सांगतो. तो स्वतः नेझबीला नव्हता. तेव्हा तपशिलाबाबत सावध राहिलेले बरे.

ही फौज खरोखर ‘नवी’ होती का, हा जुना प्रश्न आहे. चार्ल्स फर्थने विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या संघटनेच्या अभ्यासाचा पाया घातला. मार्क किश्लान्स्की (१९७९) यांच्या मते ती राजकीय तडजोडीतून झालेली जुन्या सेनांची पुनर्रचना होती आणि तिचा जहालपणा १६४७ च्या थकलेल्या पगारातून आला. इयन जेंटल्स (१९९२) आरंभापासूनच्या धार्मिक ईर्ष्येवर भर देतात. रेजिमेंटींची वंशावळ पाहता किश्लान्स्की यांचे मत संघटनेपुरते अधिक पटते. घोडदळाच्या शिस्तीचा उलगडा मात्र त्याने पुरता होत नाही. सुरुवातीचा नियमित पगार आणि सर्व पायदळाला लाल डगला या गोष्टी ठळक होत्या. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींच्या अंगावर मराठ्यांनी पाहिलेला लाल डगला याच परंपरेतला.

१६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर फौज मोडण्यात आली. जॉर्ज मंकची रेजिमेंट तेवढी राहिली. तीच आजची ब्रिटिश सैन्यातील कोल्डस्ट्रीम गार्ड्स.