पार्श्वभूमी : कॉलेज बेसबॉलच्या कॉन्फरन्स स्पर्धा आणि तिघांच्या गटाचा पेच

अमेरिकेत कॉलेजांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या लीगसारख्या गटांत विभागलेले असतात. मे महिन्याच्या अखेरीस होणाऱ्या त्यांच्या स्पर्धांचा मूळ साचा दुहेरी बाद पद्धतीचा. आठ संघ, दुसरा पराभव झाला की बाहेर; एकूण १४ किंवा १५ सामने. आग्नेयेकडच्या बलाढ्य कॉन्फरन्सची स्पर्धा १९७७ पासूनची. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या कॉन्फरन्सने मात्र २०२२ च्या आधी अशी स्पर्धाच घेतली नव्हती.

दुहेरी बाद पद्धतीत अडचण पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची होते. हंगामभर संघ आठवड्याच्या शेवटी तीन सामने खेळतात, म्हणून सामन्याची सुरुवात करणारे भरवशाचे पिचर तीनच असतात. पहिल्याच दिवशी हरलेला संघ रोज, कधी दिवसात दोनदा खेळतो आणि चौथ्या सामन्यापर्यंत चेंडू अननुभवी मुलांच्या हाती जातो. शिवाय पुढच्याच शुक्रवारी राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी सुरू होते. तिथली जागा नक्की असलेला प्रशिक्षक मुख्य पिचरला इथे दमवत नाही. छोट्या कॉन्फरन्समध्ये विजेत्यालाच प्रवेश मिळण्याची शक्यता असते, त्यामुळे तिथे असा विचार परवडत नाही.

आग्नेयेकडच्या कॉन्फरन्सच्या, अलाबामातल्या हूव्हर इथे होणाऱ्या स्पर्धेत २०१३ पासून १२ संघांची मिश्र रचना आली : पहिल्या दिवशी एकेरी बाद, मग चार संघ उरेपर्यंत दुहेरी बाद, उपांत्य फेरीपासून पुन्हा एकेरी. एकूण १७ सामने.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सने वेगळी वाट धरली. २००७ पासून तिथे गटसाखळी होती. २०१७ मध्ये १२ संघांचे तीन-तीनचे चार गट झाले आणि प्रत्येक गटाचा विजेता उपांत्य फेरीत जाऊ लागला. तिघेही १-१ वर (एक विजय, एक पराभव) अडकले, तर वरचं मानांकन असलेला संघ पुढे. वाद पेटला तो याच कलमावरून.

मानांकनानुसार अ, ब, क असे संघ धरा. क ने ब ला हरवलं, मग अ ने क ला. शेवटच्या सामन्यात अ जिंकला तर तो २-०. ब जिंकला तर तिघेही १-१, आणि पुढे जाणार अ-च. म्हणजे तो सामना कोणीही जिंकला तरी निकाल तोच. ब आणि क यांना दोन्ही सामने जिंकावेच लागतात. एक हरला की आशा संपली. अ ला पहिला पराभव पचतो.

प्रेक्षकांना तिकीट काढून निरर्थक सामना बघायला लावणं चूकच होतं. पण दोष मानांकनाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. तिघेही १-१ असताना आपसातल्या निकालांतून काही सुटत नाही, कारण प्रत्येकाने एकाला हरवलेलं असतं. धावांचा फरक लावावा, तर दहा धावांच्या आघाडीवर सात इनिंगनंतर सामना थांबतो आणि फरक तिथेच गोठतो. मग हंगामातल्या कॉन्फरन्सच्या ३० सामन्यांची कमाई मोजण्यात गैर ते काय? खरी खोट तीन संघांच्या गटातच आहे.

२०२५ मध्ये आग्नेयेकडची आणि अटलांटिक किनाऱ्यावरची या दोन्ही कॉन्फरन्स १६ संघांच्या एकेरी बाद पद्धतीवर आल्या. सामने १५, हूव्हरला चार संघ वाढूनही दोन सामने कमी झाले. पहिले चार मानांकित थेट उपांत्यपूर्व फेरीत उतरतात, त्यांना विजेतेपदासाठी तीन विजय पुरतात. पाच ते आठ क्रमांकांना चार लागतात, त्याखालच्यांना पाच. त्याच वर्षी मध्य-पश्चिमेकडच्या मोठ्या कॉन्फरन्सने ओमाहात १२ संघांचे तीन-तीनचे चार गट पाडले.