ॲटोपिक इसब : मुलांच्या व किशोरांच्या त्वचेवर

ॲटोपिक इसब, म्हणजे ॲलर्जीच्या प्रवृत्तीशी जोडलेला एक्झिमा, हा त्वचेचा चिवट विकार आहे. तो कधी वाढतो, कधी दबतो, आणि खाज हे त्याचे मुख्य लक्षण आहे. खाजेशिवाय ॲटोपिक इसब नाही, असेच धरून चालावे. तो संसर्गजन्य नाही. बहुतेक मुलांत तो पाच वर्षांच्या आत सुरू होतो, कित्येकांत पहिल्याच वर्षी. घरात कोणाला दमा, सततच्या शिंका-सर्दी किंवा असेच इसब असेल तर मुलाला तो होण्याचा संभव वाढतो. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवते. त्याच्या जनुकातील दोषाचा या आजाराशी असलेला संबंध 2006 साली दाखवला गेला. हे प्रथिन कमी पडले की त्वचेतला ओलावा उडून जातो. धूळ, साबण आणि जंतू आत शिरतात आणि दाह सुरू होतो. फिलॅग्रिनचा दोष प्रत्येक रुग्णात नसतो, पण कोरडी, कमकुवत त्वचा जवळजवळ सर्वांत आढळते.

पुस्तकांत या आजाराचे वर्णन ‘लाल चट्टे’ असे असते आणि छायाचित्रे बहुधा गोऱ्या त्वचेची असतात. विदर्भातल्या खेड्यातील सावळ्या मुलाच्या अंगावर ती लाली दिसेलच असे नाही. दाहाची जागा जांभळट, करडी किंवा गडद तपकिरी दिसते, त्यामुळे आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा: ती जागा गरम, खरखरीत आणि जाडसर लागते. काही मुलांत चट्टा नसतोच. पोट, पाठ आणि दंडांवर केसांच्या मुळाशी बारीक पुरळ येतात आणि कातडीवर कायम काटा आल्यासारखे वाटते. पुष्कळ घरांत हा काळेपणा मळ समजला जातो आणि लेकराला खसाखसा घासून आंघोळ घातली जाते. त्याने आजार हमखास वाढतो.

वयाप्रमाणे जागा बदलते. तान्ह्या बाळाला गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला इसब येते. ते ओलसर असते, लस गळते, खपल्या धरतात. लंगोटाखालची जागा मात्र बहुधा कोरी राहते. दोन वर्षांनंतर ते कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत, मनगटावर, घोट्यावर व मानेवर सरकते. रोज खाजवल्याने तिथली कातडी, जू घासून बैलाचा खांदा होतो तशी, जाड आणि काळपट होते व तिच्यावरच्या रेषा ठळक उमटतात. किशोरवयात पापण्या, ओठांभोवतीचा भाग, मान, पाठीचा वरचा भाग आणि हात यांवर त्याचा जोर असतो. धुणीभांडी करणाऱ्या मुलींचे हात कपड्यांच्या साबणाने फुटतात. पुष्कळांचा त्रास या वयापर्यंत कमी झालेला असतो, पण सर्वांचा नाही. खालच्या पापणीखाली दुहेरी घडी आणि तळहातावर दाट रेषा या खुणाही निदानाला मदत करतात.

गालांवरचे फिकट, किंचित कोंडा असलेले डाग हे याच प्रवृत्तीच्या मुलांत वारंवार दिसतात. गावात त्यांना जंत किंवा कॅल्शियमची कमतरता कारण म्हणून सांगतात. दोन्ही समजुती चूक आहेत. त्याहून खोल भीती कुष्ठरोगाची असते. आनंदवन, दत्तपूर आणि तपोवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था ज्या प्रदेशात उभ्या राहिल्या, तिथे फिकट डागाकडे कोणी सहज पाहत नाही, आणि ते योग्यच आहे. कुष्ठाचा डाग सहसा खाजत नाही आणि तिथली संवेदना कमी होते. चेहऱ्यावर मात्र ही संवेदना तपासणे अवघड असते, म्हणून शंका असल्यास आरोग्य केंद्रात दाखवणे हाच मार्ग आहे. खरूज आणि गजकर्ण यांच्याशीही घोळ होतो. घरातले सगळेच रात्री खाजवत असतील आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असतील तर खरूज; कडा उठलेला, गोलाकार पसरत जाणारा चट्टा असेल तर गजकर्ण.

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत त्वचा फुटते. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा लवणीत साचलेला घाम झोंबतो, आणि टेरिकॉटचा गणवेश त्यात भर घालतो. सोयाबीनच्या मळणीत उडणारी धूळ आणि कुटार (भुसा), भाव येईपर्यंत घरातच रचून ठेवलेला कापूस ज्यावर लेकरे खेळतात, धुऱ्यावरचे (बांधावरचे) गाजरगवत ही इथली नित्याची निमित्ते आहेत. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. मग साबण जास्त लागतो आणि कातडी अधिकच कोरडी पडते.

उपचाराचा पाया अगदी साधा आहे: कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, कमी साबण, आणि अंग ओलसर असतानाच भरपूर स्निग्ध लेप. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चालते. महागड्या बाटलीवाचून काही अडत नाही. मोहरीचे तेल आणि आंघोळीच्या पाण्यात घातलेले जंतुनाशक मात्र झोंबतात. दाह असताना डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टिरॉइड मलम, ठरलेले दिवस, ठरलेल्या जागी लावावे. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची ओळ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, त्याच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. भीतीपोटी ते अजिबात न लावणे ही एक चूक, आणि मेडिकलमधून विचारून आणलेले स्टिरॉइड-बुरशीनाशक-प्रतिजैविक मिश्रण महिनोन्महिने चोळणे ही दुसरी, अधिक घातक चूक. चेहऱ्याची कातडी पातळ होते, मांड्यांवर कायमचे वळ उठतात, आणि ते गजकर्णच असेल तर त्याची कडा पुसून ओळख हरवते. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती काउंटरवर मिळणे थांबलेले नाही.

पथ्याच्या नावाखाली अंडी, दूध, डाळ, वांगी एकदम बंद करू नयेत. आधीच वजन कमी असलेल्या मुलाचे त्यात मोठे नुकसान होते, आणि अन्न हे कारण थोड्याच मुलांत, मुख्यतः तान्ह्यांत, असते. जागा पिवळट खपल्या धरून चिघळली तर जंतुसंसर्ग समजावा. एकाच मापाच्या फोडांचा घोळका आणि सोबत ताप असेल तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, हर्पिसचा फैलाव असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत खरूज व बुरशीसोबत इसबाचाही समावेश आहे, आणि त्याची पथके अंगणवाड्या व सरकारी शाळांत येतात. मुले खाज लाजेने सांगत नाहीत, किशोरवयीन तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हात झाकतात. म्हणून पथकाला कोपराची व गुडघ्यामागची लवण उघडून दाखवायला आणि रात्री झोप लागते का हे सांगायला पालकांनी किंवा शिक्षकांनी मुलाच्या सोबत थांबावे.