ओसरीवरची राणीसाहेब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर काळवंडलेलं तैलचित्र दिसलं, की ते 'आमच्यातल्या कुठल्यातरी राणीसाहेबांचं' असतं. भरजरी नऊवारी, नथ, शेला. मागं खांब आणि अर्धवट सारलेला मखमली पडदा. राणी असेलही. पण जुनी सनद हुडकण्याआधी तो पडदा नीट बघावा.

या मुलखाला नाटकाचं वेड जुनं. मुळात मराठी नाटकाचं बीजच कन्नड मुलखातलं: उत्तर कानडातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यातून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं, पाठोपाठ 'सौभद्र'. शकुंतला आणि सुभद्रा म्हणून प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते भाऊराव कोल्हटकर. स्त्रीपार्टी नट, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा पुरुष. पुढं बालगंधर्व, आणि १९०८ मध्ये हुबळीला 'ललितकलादर्श' काढणारे केशवराव भोसले, तेही आधी स्त्रीभूमिकांतच गाजलेले.

दुसरा धागा राजा रविवर्म्याचा. त्यानं पुराणातल्या नायिकांना नऊवारी नेसवली आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून ती चित्रं घरोघर पोचवली. मग नटानं चित्रातली ऐट उचलली आणि चित्रकारानं रंगमंचावरची. कोण कुणाची नक्कल करतंय, हे सांगणं अवघड झालं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर तर नाटकमंडळ्यांचे पडदेच रंगवत. चित्रातला तो खांब दगडी वाड्याचा नसून कापडावरचा असू शकतो, तो यामुळे.

म्हणून वेश बघून माणूस ठरवू नये. नाटकातले दागिने भूमिकेचे असतात, घराण्याचे नसतात. उलट, खऱ्या घरंदाज बायकाही चित्राला बसताना रविवर्म्यासारखीच बैठक घेत असतील. त्यामुळं प्रत्येक शेलेवाली म्हणजे नटच, असा हट्टही नको. (घरच्यांना हे सांगताना जपून, पणजीचा नट झालेला कुणालाच आवडत नाही.)

माझी नजर आधी मनगटावर जाते, मग गळ्यावर. चेहरा नाजूक करणं चित्रकाराच्या हातात असतं. मनगट आणि गळा रंगवताना मात्र त्याचा हात कधीकधी समोर बसलेल्या माणसाशी इमान राखतो. गळा चिंचपेटीनं पार झाकलेला आणि बांगड्यांखाली रुंद मनगट दिसलं, तर चित्र भिंतीवरून उतरवून चौकटीची पाठ तपासावी. तिथं नाटकमंडळीचं नाव निघालं, तर राणीसाहेबांचा प्रश्न मिटला.