स्लीप ॲप्निया: मशीन आधी, दातांचे उपकरण नंतर, हे कसे ठरले?

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडणे. स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की पुढची वाट बहुतेकांना एकच सांगितली जाते: सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे मशीन. मशीन सोसवले नाही तर, आणि तेही कुणाला आठवले तर, खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या उपकरणाचा विषय निघतो. या क्रमामागे १९९५ सालचा एक निर्णय आहे.

त्याआधीचे थोडक्यात. जीभ खालच्या जबड्याला आतून बांधलेली असते. जबडा पुढे ओढला की जीभही पुढे येते आणि घसा मोकळा होतो. क्लोरोफॉर्म देणाऱ्या डॉक्टरांना हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. झोपेत श्वास थांबतो याची यंत्रावर नोंद झाली ती १९६५ मध्ये, फ्रान्स आणि जर्मनीत. नंतरची काही वर्षे खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, दिवसा बूच लावायचे, रात्री काढायचे.

१९८१ मध्ये सिडनीतल्या एका डॉक्टरांनी पाच पेशंटच्या नाकावर मास्क बसवून हवेचा दाब दिला आणि घसा रात्रभर उघडा राहिला. त्याच वर्षी अमेरिकेतून पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग कापण्याच्या शस्त्रक्रियेचा अहवाल आला. ती गाजली, पण दुखणे फार आणि गुण बेभरवशाचा. लगेच १९८२ मध्ये जीभ ओढून धरणारे आणि १९८४ मध्ये जबडा पुढे धरणारे उपकरणही पुढे आले. म्हणजे मशीन आणि उपकरण जवळपास एकाच वयाचे आहेत.

अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसते घोरणे किंवा सौम्य त्रास असेल तर उपकरण चालेल. मध्यम आणि तीव्र त्रासात मात्र आधी मशीन, ते जमलेच नाही तर उपकरण. त्या वेळी उपकरणावरचे अभ्यास लहान होते, त्यामुळे सावधगिरी समजण्यासारखी आहे. २००६ मध्ये दार थोडे उघडले: मध्यम त्रासाच्या पेशंटला उपकरणच हवे असेल तर द्यावे. २०१५ मध्ये दंतवैद्यांच्या संघटनेसोबत काढलेल्या सूचनांत भाषा बदलली. मशीन सोसत नाही किंवा दुसरा उपाय हवा आहे अशांना विनाउपचार ठेवण्यापेक्षा उपकरण द्यावे, असे त्यात आहे. तीव्रतेची अट गेली, पण ‘विनाउपचार ठेवण्यापेक्षा’ हे शब्द मला आजही खटकतात. तुलना मशीनशी नाही, काहीच न करण्याशी आहे.

खरा गुंता ‘गुण आला’ म्हणजे काय, यात आहे. मोजमाप तासाला श्वास किती वेळा अडतो यावर: ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. मास्क नाकावर असेपर्यंत मशीन हा आकडा उपकरणापेक्षा जास्त खाली आणते, यात वाद नाही. पण मास्क किती वेळ असतो? अमेरिकेतल्या सरकारी विम्याने ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर पुरेसा मानला. उदाहरण घ्या. एखाद्याचा आकडा ४० आहे. मशीनने तो २ वर आला, पण ८ तासांच्या झोपेत मास्क ४ तासच राहिला, तर रात्रीची सरासरी २१. उपकरणाने तो २० वरच आला, पण ते ७ तास तोंडात राहिले, तर सरासरी साडेबावीस. फरक जवळपास मिटला. २०१३ च्या एका महिनाभराच्या तुलनेत हेच दिसले: उपकरण रात्री सरासरी साडेसहा तास वापरले गेले, मशीन सव्वापाच तास, आणि रक्तदाबावरचा परिणाम सारखाच निघाला. शिवाय मशीन स्वतःचे तास स्वतः नोंदवते. उपकरणात तशी सोय बऱ्याच उशिरा आली. विमा कंपनीला पुरावा लागतो, आणि तो मशीनकडेच होता.

उपकरण निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. माप घेताना पेशंटला जबडा जमेल तितका पुढे काढायला लावतात, अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि साधारण निम्म्यापासून सुरुवात करतात. मग छोट्या किल्लीने थोडेथोडे पुढे. सकाळी उपकरण काढले की दाढा एकमेकींवर बसत नाहीत. भाकरीचा पहिला घास पुढच्या दातांनीच चावावा लागतो. बहुतेकांचे हे तासाभरात सुटते, पण काही वर्षांनी चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, कायमचा सरकू शकतो. हे आधी सांगितलेच पाहिजे.

अलीकडे चित्र झपाट्याने हलले. २०१६ मध्ये हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७०० हून अधिक पेशंटच्या अभ्यासात मशीनने हृदयविकार-पक्षाघातासारखे झटके कमी झाले नाहीत. मशीनचा सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आतला फोम झिजतो म्हणून जगभरातून लाखो मशीन परत मागवली आणि अनेक पेशंट पहिल्यांदा उपकरणाची चौकशी करत दंतवैद्याकडे गेले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने लठ्ठपणासोबतच्या मध्यम आणि तीव्र ॲप्नियासाठी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता दिली. तेच औषध २०२५ मध्ये भारतात आले. अंगाने बारीक पण मागे गेलेल्या जबड्याच्या पेशंटला त्याचा उपयोग नाही.

२०१५ च्या सूचनांतली आणखी एक ओळ मात्र सर्रास वगळली जाते: उपकरण तोंडात ठेवून पुन्हा एकदा स्लीप स्टडी करावी.