टक्के किती आणि दारू किती?

विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या साध्यासुध्या बारमध्ये एक वाद हमखास कानावर पडतो. एक जण म्हणतो, "मी आपली पाच टक्केवाली बिअर घेतोय, तू चाळीस टक्क्यांची व्हिस्की ढोसतोयस." बोलणाऱ्याच्या हातात अर्ध्या लिटरचा मग असतो आणि ऐकून घेणाऱ्यापुढे तीस मिलीचा एक पेग. हिशेब मांडला तर मगात पेगाच्या दुप्पट अल्कोहोल निघतं.

घोळ दोन आकड्यांचा आहे. दारू किती तीव्र, एवढंच टक्का सांगतो. अंगात अल्कोहोल किती जाणार हे कळायला टक्क्याच्या जोडीला मापही लागतं. मेन्यूवर टक्का बऱ्याचदा छापलेला असतो, माप मात्र विचारावं लागतं.

गणित शाळेतलंच आहे. मिली गुणिले टक्के भागिले शंभर, की शुद्ध अल्कोहोल मिळालं. ते पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे एका मिलीचं वजन साधारण ०.८ ग्रॅम भरतं. पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे २५ मिली, अर्थात २० ग्रॅम अल्कोहोल. चाळीस टक्क्यांचा ३० मिलीचा पेग म्हणजे १२ मिली, साडेनऊ ग्रॅम. बारा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास १४ ग्रॅमच्या आसपास जातो. आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर अर्धा लिटर घेतली तर ३२ ग्रॅम, म्हणजे तीन पेगांहून जास्त. तरी ती पिणारा सांगत असतो, "बिअरच तर आहे."

सगळ्यात मोठी फसगत पाणी घालण्यातून होते. ६० मिली व्हिस्कीत १८० मिली सोडा ओतला की ग्लासातली तीव्रता चाळीसवरून दहा टक्क्यांवर येते. जिभेला ते हलकं लागतं, घशात जळजळत नाही. पण अल्कोहोल जेवढं होतं तेवढंच आहे: २४ मिली. बर्फ वितळल्यावर टक्का आणखी उतरेल, ग्रॅम तसेच राहतील. "मी खूप पातळ करून पितो" हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी ग्लास किती वेळा भरला तेही सांगावं.

कॉकटेलमध्ये तर दोन्ही आकडे गायब असतात. लाँग आयलंड आइस्ड टी दिसतं चहासारखं आणि लागतं गोड. प्रचलित कृतीत व्होडका, जिन, रम, टकिला आणि संत्र्याचं लिकर (गोड, फळाच्या चवीची दारू) प्रत्येकी १५ मिली पडतं. पाचही चाळीस टक्क्यांची धरली तर एकूण ७५ मिली, म्हणजे एका उंच ग्लासात अडीच पेग. पिचरचा, म्हणजे टेबलावर सगळ्यांत मिळून घेतलेल्या बिअरच्या मोठ्या जगचा, प्रकार वेगळा. पाच टक्क्यांच्या दीड लिटर बिअरमधलं ६० ग्रॅम अल्कोहोल चौघांत वाटलं तर प्रत्येकी १५ येतात, पण ग्लास रिकामा व्हायच्या आधीच कोणीतरी तो पुन्हा भरतो आणि कोणाच्या वाट्याला किती गेलं ते टेबलावर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच आरोग्यखाती टक्क्याऐवजी 'स्टँडर्ड ड्रिंक', म्हणजे ठरावीक ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचं एक माप, मोजतात. त्यातही एकवाक्यता नाही. ब्रिटनचं युनिट ८ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियाचं १० ग्रॅमचं, अमेरिकेचं १४ ग्रॅमचं. कुठे 'दोन ड्रिंक' असं वाचलं तर ते कुठल्या देशाचं आहे हे आधी बघायला हवं.

मग टक्क्याला काहीच अर्थ नाही का? आहे. दारू किती झपाट्याने चढेल यात त्याचा हात असतो. साधारण वीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यानचं पेय रक्तात लवकर उतरतं. त्याहून फार कडक असेल तर जठराचं अस्तर चुरचुरतं आणि जठर ते पुढे ढकलायला वेळ लावतं. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं, त्यामुळे जेवून प्यायलं तर चढायला उशीर होतो, उपाशीपोटी लगेच. साखर नसलेल्या डाएट पेयात मिसळलेली दारूही साखरेच्या पेयातल्यापेक्षा लवकर पुढे सरकते. शॉट एका घोटात संपतो आणि बिअरचा मग अर्धा तास चालतो, हा फरक तर उघडच आहे. पण हे सगळे प्रश्न वेगाचे झाले.

यकृत ग्रॅमच बघतं. ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम ही त्याची चाल, आणि काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ किंवा लिंबूपाणी यांनी ती वाढत नाही. माणसागणिक ती थोडी बदलते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सहसा कमी असतं, म्हणून वजन सारखं असलं तरी तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी पुरुषापेक्षा वर जाते. स्ट्राँग बिअरचे दोन मग प्यायलेल्याच्या अंगात ६४ ग्रॅम जातात. ताशी आठने धरले तर ते निस्तरायला आठ तास लागतील. मध्यरात्री शेवटचा मग खाली ठेवणारा सकाळी सहाला गाडीची किल्ली उचलतो तेव्हा त्याच्या रक्तात अजून थोडी दारू असू शकते, डोकं साफ वाटत असलं तरी.

काउंटरवर विचारायचं ते एवढंच: "यात कोणती दारू, किती मिली?" मापाने ओतणारा बारवाला लगेच सांगेल. जो नुसत्या अंदाजाने बाटली कलती करतो, त्याचा 'एक पेग' पंचेचाळीस मिलीचाही असू शकतो.